उघड्यावरचा तंबोरा

बामणोलीला, शिवसागर जलाशयाच्या काठावर, तंबू ठोकून झाले, की आमचं पहिलं भांडण जागेवरून होतं. मित्रांना पाण्याकाठी, शेकोटीभोवती बसायचं असतं. मला पाठीशी भिंत हवी, निदान दरड तरी.

उघड्यावर तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, पळतो. पंचम ऐकू येतो, जोडाच्या तारा ऐकू येतात. खर्ज मात्र बोटाला जाणवतो, कानात भरत नाही. खोलीत भिंती त्याला परत आणून देतात. शिवसागराच्या काठावर गेला तो गेलाच. मग हात जवारीच्या, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेल्या दोऱ्याकडे जातो. दोरा केसभर सरकवला की झणकार वाढतो, पण तो वरवरचा. खर्ज होता तिथेच. त्यात शेकोटीच्या धगीने तारा उतरतात, आग बसून गार वारा सुटला की चढतात. सूर जुळवायला तारांचे मणी वरखाली करण्यातच अर्धी रात्र जाते.

गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट मिरजेत सगळ्यांना ठाऊक आहे. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईलच्या लहानशा स्टेशनावर उतरले. तंबोरा लावायला सांगितला, दरबारीत गायले आणि तिथेच गेले. लोक त्यातलं मरण सांगतात. मला वाटत राहतं, त्या फलाटावर रात्री तंबोरा लागला कसा? पाठीशी काय होतं? तंबोरा लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांना तिथे खर्ज ऐकू आला असेल का?

मोबाइलमधला तंबोरा चढत नाही, उतरत नाही. म्हणूनच त्याच्यासोबत गाणारा हळूहळू ऐकायचं सोडतो, असं माझं ठाम मत आहे. आणि तंबूबाहेर स्पीकर लावणाऱ्यांचा मला राग येतो. समोरच्या काठाला कोयनेचं अभयारण्य आहे, आवाज पाण्यावरून थेट तिकडे पोचतो.

यंदा मित्राची मुलगी सोबत होती. मी दोरा लावून हात काढला तशी ती म्हणाली, "काका, फार उघडलीय जवारी. करकरतेय." मला ती करकर ऐकूच येत नव्हती. साठीनंतर कानातून आधी बारीक स्वर जातात, हे मला माहीत होतं. माझे गेले आहेत, हे त्या रात्री कळलं. आमच्या कंपूत दोऱ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. सगळे खोळंबलेत, गाणारा माझ्या तोंडाकडे बघतोय आणि मी डोळे मिटून तार छेडतोय, याचं मला गाण्याइतकंच सुख होतं. दोरा तिच्या हाती देताना ते सुख सोडवत नव्हतं.

खर्ज मात्र मला अजून नीट ऐकू येतो. तिने जवारी लावल्यावर मी तंबोरा आडवा करून भोपळा होडीतल्या एका सुट्या फळीवर टेकवला. फळी बोलली, खर्ज किंचित वर आला. फळी ओलसर होती, पातळही होती. पुढच्या खेपेला सागवानाची जाड, कोरडी फळी नेणार आहे.