सूर्य मावळण्यापूर्वी

क्रोधाविषयी लिहिण्याचा आम्हांस मुळीच अधिकार नाही, असे हा लेख छापून आल्याबरोबर आमच्या घरची मंडळी म्हणतील. आणि ते खरेही आहे. तथापि ज्याने ताप भोगला त्याने तापाचे वर्णन करण्यास वैद्याची अनुज्ञा कशास हवी? रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या भक्तकवीचाही शीघ्रकोप लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त लपविलेला नाही, हे आम्ही घरी आपल्या समर्थनार्थ पुष्कळदा सांगितले आहे. त्यावर मिळालेले उत्तर येथे देत नाही.

मिसर देशाच्या अरण्यात तपस्व्यांच्या संगतीत राहून आलेल्या जॉन कॅशियनने पाचव्या शतकात मठजीवनावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा आठवा भाग क्रोधावर आहे. त्यातला एक कबुलीजबाब आम्हांस फार आवडतो. अरण्यात रागवावयास माणूस नव्हता, तरी बोरू फार जाड किंवा फार बारीक निघाला म्हणून हा साधू बोरूवर रागावे, चाकू बोथट झाला म्हणून चाकूवर, आणि गारगोटीतून ठिणगी लवकर पडेना म्हणून गारगोटीवर! गेल्याच महिन्यात संगणक मंद चालतो म्हणून आम्ही त्याच्या कळफलकावर मूठ आपटली, तेव्हा या सत्पुरुषाची आठवण होऊन थोडे हसू आले. माणसे आपणांस राग आणतात ही समजूत त्या अरण्यात टिकली नाही. आमच्या अभ्यासिकेतही टिकत नाही.

पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात रागास मुदत घालून दिली आहे: राग आला तरी पाप घडू नये, आणि तो सूर्यास्तापलीकडे जाऊ नये. आम्हां कोपिष्टांस यातला पूर्वार्ध तेवढा मुखोद्गत असतो. शिवाय मंदिरात सराफांचे चौरंग उलथणारा प्रभू आमच्या साक्षीस उभाच असतो! पण ज्या दिवशी त्याच्या स्वतःच्या तोंडावर थुंकले गेले, त्या दिवशी त्याने काहीच उलथिले नाही, हे आम्ही सोयीने विसरतो. बिशप बटलरने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत क्षणिक राग आणि मनात मुरलेला रोष यांचा भेद केला आहे. दुसऱ्याचा उपयोग अन्यायाच्या निवारणासाठी. परंतु जेथे अपराधच नाही तेथे आपण तो कल्पितो, असेही तो बजावतो. हे प्रवचन आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते. पुढील हकीकतीवरून ते किती समजले होते ते दिसेल.

एका विद्यार्थ्याचा निबंध आमच्या मते त्याच्या मानाने फारच चांगला होता. सकाळी अकरा वाजता भर वर्गात आम्ही त्यातली दोन वाक्ये वाचून दाखविली आणि ती कोठून चोरली, असे विचारले. वर्ग हसला. मुलगा खाली बघत उभा राहिला. सत्यासाठी आपण कठोर झालो, असे वाटून आम्हांस त्या दिवशी जेवणही गोड लागले.

चार वाजता शिपायाने एक वही आणून दिली. आत त्याच निबंधाचे तीन कच्चे खर्डे होते. ज्या वाक्यावर आम्ही चोरीचा शिक्का मारला ते चार वेळा खोडून पाचव्यांदा साधले होते. चिठ्ठी नव्हती, नुसती वही.

आता गंमत पाहा. चूक कळल्यावर आमचा राग निघून गेला असेल असे वाचकांस वाटेल. तो गेला नाही. ‘वही तेव्हाच का दाखविली नाही?’ म्हणून आम्ही त्या मुलावरच पुन्हा रागावलो! उद्या पाहू, असे ठरवून घरी आलो आणि सायंप्रार्थनेसाठी पुस्तक उघडले. नेमका मत्तयाचा पाचवा अध्याय चालला होता. वेदीपाशी अर्पण सोडून आधी भावाकडे जावयाचे, ते आपल्या मनात राग आहे म्हणून नव्हे. त्याच्या मनात आपल्याविषयी काही आहे म्हणून. आम्ही अडखळलो. पत्नीला दुपारची हकीकत ठाऊक झाली होती. ती म्हणाली, “पुस्तक मग उघडा. उजेड आहे तोवर जाऊन या.”

वसतिगृह घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. तेवढ्यात आम्ही तीन वेळा परत फिरण्याचा विचार केला. मुलगा सदऱ्याला इस्त्री करीत होता. तो गडबडला, खोलीतली एकुलती खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, “सर, बसा ना.” आम्ही उभ्यानेच क्षमा मागितली, आणि वर्गात बोललो ते उद्या वर्गातच मागे घेऊ, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते घेतले. ते वसतिगृहापेक्षा पुष्कळ अवघड गेले.

क्षमेविषयी तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, “सर, निबंध बरा होता का?”

तो बरा आहे की वाईट, हे आम्ही पाहिलेच नव्हते. आम्ही खुर्चीवर बसलो आणि वाचावयास मागितला. बाहेर अंधारू लागले होते. त्याने दिवा लावला. दोन ठिकाणी व्याकरण चुकले होते, ते दाखविले.