दर्या आणि दऱ्या

परवा ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. त्याच्याकडे एकच काम होतं, आमच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेची पीडीएफ काढायचं. न्हावा शेवा बंदरात कंटेनर यार्डात काम करणाऱ्यांसाठी ही पुस्तिका, मराठी आणि इंग्रजी. कुठलं बटण दाबायचं, वारा वाढला की काय करायचं, आणि सिस्टिमच बंद पडली तर काय करायचं.

"चालतंय ना? मग हात लावू नकोस," हा त्या कॉम्प्युटरचा नियम. मीही तो पाच वर्षं इमानेइतबारे पाळला.

आता इलाजच नव्हता. नवं मशीन, नवं टेक लाइव्ह, नवं झीटेक. (मावशी, हे तुझ्यासाठी: टेक म्हणजे डोनाल्ड कनूथ यांचा १९७८ मधला अक्षरजुळणीचा प्रोग्राम. त्याच्या आवृत्तीचा आकडा गणितातल्या 'पाय'च्या किमतीकडे सरकतो, दर सुधारणेला एक अंक वाढतो. झीटेक हे त्याचं २००४ मधलं भावंड, युनिकोडातलं मराठी सरळ वाचणारं.)

पहिली पीडीएफ देखणी आली. मी खूश. मग एका पानावर दिसलं, 'वार्याचा वेग'. रफार डोक्यावर चढून बसलेला! झालं होतं असं, की आमच्या जुन्या फाइलींत 'ऱ्य' लिहिताना र आणि य यांच्यामध्ये हलन्ताबरोबर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलेलं होतं. फाइली साफ करायला मी जी स्क्रिप्ट लिहिली, तिने ते कचरा समजून उडवलं. म्हणजे दऱ्यांचा दर्या करणारा मीच. समुद्राकाठी नोकरी करून हे :)

स्क्रिप्ट सुधारली, पण विश्वास उडाला होता. म्हणून जुनी छापील प्रत शेजारी घेऊन सगळी पानं वाचायला बसलो. नकाशात अटल सेतू नव्हता आणि उरणची लोकलही नव्हती. दोन्हींचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. हे एक वेळ चालेल. पण 'सिस्टिम बंद पडल्यास' या पानावरचा फोन नंबर फिरवला, तर तो अस्तित्वातच नाही! ज्यांचा होता ते काका केव्हाच निवृत्त झालेत.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या सायबर हल्ल्यामुळे याच बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. तसा दिवस पुन्हा आला, तर माणसं हाच कागद शोधणार. आणि तो हल्ला पसरला कशातून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तेव्हा हात लावू नको म्हणणारे अगदीच खुळे नव्हेत. पण हात न लावता आमचं काय झालं? दर महिन्याला पहिल्या पानावर नवी तारीख छापून येत होती, आणि आत तोच मेलेला नंबर. पीडीएफ इतकी नीटनेटकी दिसायची, की ती वाचायला हवी असं कोणाला वाटलंच नाही. मलाही नाही.

असो. नवा नंबर टाकण्याआधी फिरवून पाहिला. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं, मगच पीडीएफ काढली.