मेंदूच्या लहरींचें माप

उत्तरपत्रिकेवरील आंकडा मुलानें काय लिहिलें तें सांगतो. त्याच्या मनांत काय होतें तें सांगत नाहीं. संस्कृत शिकविण्यांत व पेपर तपासण्यांत आमचा जन्म गेल्यामुळें ही गोष्ट आमच्या अंगवळणीं पडली आहे. मेंदूच्या विद्युत्-लहरींविषयीं वाचतांना हीच आठवण होते.

जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर या वैद्यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं त्या प्रसिद्ध केल्या. स्वतःच्या मुलावरही त्यानें प्रयोग केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील बाजूस सेकंदास सुमारें १० लहरी उठतात. डोळे उघडतांच त्या मावळतात. त्यांचें बळ किती? विजेरीच्या दीड व्होल्टाच्या सेलाचा जेमतेम ५० हजारावा हिस्सा!

आमच्या मांडवीच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटेच्या पाठीवर लहान लाट व तिजवर बारीक तरंग दिसतात. मेंदूचा आलेखही असाच मिश्र असतो. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीनें संगणक तो फोडतो, आणि सेकंदास ४ पर्यंतच्या, ४ ते ८, ८ ते १३ व त्याहून जलद लहरींचा वांटा निरनिराळा काढून देतो. तत्पूर्वीं पापण्यांच्या उघडझांपेनें उठलेल्या लहरी वेंचून टाकाव्या लागतात. नाहीं तर पापणीच विचार म्हणून मोजली जावयाची.

पुष्कळ निरोगी माणसें अशीं मोजल्यावर दिसतें कीं, त्यांच्यांतही फरक फार. वय, झोंप, औषधें यांनीं आंकडे बदलतात. वार्धक्यांत ती लय थोडी मंदावते. कांहीं धडधाकट माणसांत ती मुळांतच क्षीण असते. तेव्हां निरोग्यांची व्याप्ति ठाऊक झाल्यावांचून कोणास वेगळा ठरविणें अन्यायाचें होय.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें खुनाच्या खटल्यांत एका तरुण स्त्रीस जन्मठेप दिली, तेव्हां अशा लहरींच्या चांचणीचाही आधार घेतला होता. गुन्ह्यासंबंधींचीं वाक्यें ऐकवून, मेंदूंत स्वानुभवाची आठवण जागी होते कीं काय, हें त्या चांचणींत पाहतात. परंतु वाचकहो, भुताची गोष्ट ऐकून मूल दचकतें, एवढ्यावरून त्यानें भूत पाहिलें असें होतें काय? पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, संमतीवांचून अशी चांचणी कोणावरही लादतां येणार नाहीं. तो निर्णय आम्हांस अत्यंत योग्य वाटतो.

याचा अर्थ हें यंत्र टाकाऊ, असा मात्र कोणीं करूं नये. फेफरें ओळखण्यास व झोंपेच्या विकारांत त्याचा मोठा उपयोग आहे. घरांतील कोणास डॉक्टरांनीं ही तपासणी सांगितली, तर वडील मंडळींनीं भय बाळगूं नये. डोक्यास लावलेल्या तारांतून वीज आंत सोडीत नाहींत, मेंदूची असते तीच मोजतात. फक्त कागदावरील लहरी पाहून माणसाच्या अंतःकरणाविषयीं मत बनविण्याची घाई कोणीं करूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.