दोन मुदती

नगर जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावी गेल्या उन्हाळ्यात जुन्या आडत दुकानातील एक भिंत पाडण्यात आली. मूळच्या एकाच दुकानाचे दोन भाग करणारी ती भिंत. त्या वेळी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरली. तीत लाल कापडी बांधणीच्या वह्या निघाल्या आणि दोन्ही घरांतील नातवंडे दादाजींच्या आठवणीत रमून गेली.

दादाजी दोन भावांतील थोरले. पहाटे सामायिक, मग स्थानकात दर्शन आणि नऊच्या ठोक्याला गादीवर. सूर्यास्तापूर्वी जेवण. बोलणे मोजके. नातवंडांसाठी कोटाच्या खिशात खडीसाखर असे; पण तीही ते खडे मोजून सर्वांना सारखी वाटत.

1972 च्या दुष्काळाने या घराची परीक्षा पाहिली. ज्यांच्या मालावर आडत चाले, ते शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले. त्यांना दिलेली उचल दादाजींनी परत मागितली नाही. धाकट्या बंधूंना ते पटले नाही. “तुमच्या दयेपायी दुकान बुडाले,” असे ते चारचौघांत म्हणाले आणि पुढच्या पाडव्याला दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली.

वाटणीत दादाजींनी देणी आपल्याकडे घेतली. त्यांत भाजी विकून पोट भरणाऱ्या एका विधवा बाईंचे 4,000 रुपये होते. विश्वासाने व्याजी ठेवलेले. करारपत्र नाही, फक्त वहीतील नोंद. जुन्या मुनीमजींनी सुचविले, “शेठजी, तीन वर्षे वहीत सही करू नका, काही रक्कमही देऊ नका. देणे मुदतबाह्य होईल.” कायद्याच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे लेखी मान्य केले, की मुदत नव्याने सुरू होते. नाही केले, तर न्यायालयातून वसुलीचा मार्ग बंद होतो.

दादाजींनी नेमके उलटे केले. दर लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागणारा मजकूर लिहून झाला, की त्याखाली पहिली नोंद त्या बाईंच्या येणे रकमेची होई आणि तिच्यापुढे दादाजी सही करीत. ऋद्धी मागायची आणि खाली देणे लपवायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. ते देणे फिटायला नऊ वर्षे लागली. त्यात दादीजींच्या पाटल्या गेल्या. दादीजी कधी रागावून म्हणत, “तुमच्या सहीला माझ्या हातांनी किंमत दिली.” दादाजी यावर निरुत्तर होत. अखेरचा हप्ता त्यांनी दादीजींच्याच हातून त्या बाईंना देवविला.

दुसरी बाकी मात्र पैशांची नव्हती. संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपले, की दुसऱ्या दिवशी सकाळी दादाजी सर्वांत आधी धाकट्या बंधूंच्या दारी जात. दार उघडत नसे. उंबऱ्याबाहेर हात जोडून ते “मिच्छा मि दुक्कडं” म्हणत आणि परत फिरत. एकदा बरोबर असलेल्या थोरल्या नातवाने विचारले, “दादाजी, चूक त्यांची, मग आपण का जायचं?”

“चूक कुणाची ते मोजायला मी येत नाही,” दादाजी म्हणाले. “राग वर्षाच्या पुढे नेला, तर तो अनंतानुबंधी होतो, असं महाराजसाहेब सांगतात. देण्याची मुदत मी वाढवीन. रागाची वाढवायची नाही.”

त्या दोन मुदतींवर त्यांचे सारे आयुष्य उभे होते. जग सामान्यतः याच्या उलट वागते: देणे विसरते आणि वैर दरवर्षी नवे करते.

दादाजींच्या हयातीत ते दार उघडले नाही. त्यांच्या उठावण्याला धाकटे बंधू आले, सर्वांच्या मागे बसले आणि न बोलता गेले. पुढच्या संवत्सरीला मात्र सकाळी दारावर थाप पडली. धाकटे बंधू उंबऱ्यात उभे होते. ज्यांची क्षमा मागायची, ते तसबिरीत होते. बराच वेळ त्यांच्याने बोलवेना. दादीजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, “त्यांनी तुमच्या नावावर काहीच बाकी ठेवलेलं नाही. आत या.”

त्या दिवसापासून दोन्ही घरांचे येणे-जाणे सुरू झाले. भिंत पडायला मात्र नातवंडांची पिढी यावी लागली. आता हिशेब संगणकावर असतो. तरीही गेल्या दिवाळीत दोन्ही घरांनी मिळून एकच लाल वही आणली. नेहमीचा मजकूर लिहून झाल्यावर थोरल्या नातवाने पेन धाकट्या घरातील चुलतभावाच्या हाती दिले आणि विचारले, “कुणाचं काही देणं राहिलं आहे का? आधी ते लिहू.”