८० ते १००च्या मधली थरथर

समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारींचा नूरच बदलला. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता हाताशी आला. कारला तिथे ताशी १२०ची मुभा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या गल्ल्यांत जी गाडी कधी साठच्या वर गेली नाही, ती आता तासन् तास ११०ने पळते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ज्या दोषांचा कुणाला पत्ता लागत नव्हता, ते सरळ सपाट काँक्रीटवर उघडे पडू लागले.

तक्रार बहुतेक वेळा एकसारख्याच शब्दांत येते. “दादा, नव्वदला स्टेअरिंग थरथरतंय, अलाइनमेंट करून द्या.” अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग सरळ असूनही तिरकं दिसतं, टायर एका कडेने झिजतात. थरथर मात्र त्याने होत नाही. ती बहुधा चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याने होते, आणि ते सारखं करणं म्हणजे बॅलन्सिंग. तरीही अलाइनमेंट-बॅलन्सिंग हा आपल्याकडे जोडशब्दच होऊन बसला आहे आणि गिऱ्हाईक एका दुखण्यासाठी दुसऱ्याच औषधाचे पैसे मोजतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण या दोन कामांतला फरक समजावून सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

नव्वदलाच का, हा प्रश्न मला या कामात सगळ्यात आवडतो. १६५/८० आर १४ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर अंतर कापतो. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो. रिमच्या कडेला वीस ग्रॅम वजन कमी-जास्त असेल, तर या वेगाला ते वीस ग्रॅम जवळजवळ तीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, तेही सेकंदाला चौदा वेळा, दर क्षणी वेगळ्या दिशेला. पन्नासला हाच जोर पाऊण किलोच्या आत असतो, म्हणून गावात काही जाणवत नाही. पण गोष्ट नुसत्या जोराची असती, तर थरथर वेगाबरोबर वाढतच गेली असती. तसं होत नाही. ८०ला सुरू होते, ९५ला दात वाजवते आणि ११५च्या पुढे बरीचशी विरून जाते. कारण टायरचा रबर आणि सस्पेन्शनची स्प्रिंग यांच्यामध्ये लटकलेल्या चाकाची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण दहा ते पंधरा हेलकाव्यांची. झोक्याला नेमक्या वेळी बोट लावलं तरी तो उंच जातो, वेळ चुकवून धक्के दिले तर अडखळतो. चाकाचा फेरा त्या लयीशी जुळला की छोटा दोष मोठा होतो.

म्हणून गाडी आली की मी आधी जॅक लावत नाही. आधी चालवून बघतो, आणि मालकाला शेजारी बसवतो. ज्याला थरथर म्हणायचं ती हीच ना, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, असा माझ्या पोरांना दंडक आहे. समृद्धीवर सावंगीला चढायचं, माळीवाड्याला उतरायचं. टोल पडतो, पण चुकीचा पार्ट घालण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त. काँक्रीटचा स्वतःचा एक आवाज असतो, जोडांवरून जाताना एक ठेका येतो, तो आधी मनातून वेगळा काढावा लागतो. मग वेग दहा-दहाने वाढवत नेतो. थरथर हातात येते की बुडाखाली? स्टेअरिंगमध्ये आली तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि फरशी थरथरली, स्टेअरिंग शांत राहिलं, तर बहुतेक मागची चाकं. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. वेग तोच असताना पाय काढताच थरथर नाहीशी झाली, तर चाकांना दोष देऊ नये. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजलेला असतो, ओढ पडली की तो गाडीला आडवं हलवतो. पाय काढूनही थरथर तशीच राहिली, तर ती चाकाची. ब्रेकवर पाय ठेवल्यावरच आली, तर डिस्क. लोक म्हणतात डिस्क वाकली. पुष्कळदा ती वाकलेली नसते, फिरता फिरता तिची जाडी एकसारखी राहिलेली नसते. बेरिंगची तऱ्हा तर आणखी निराळी: ते थरथरण्याआधी घुमतं. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर जातो, आणि आवाज वाढला तर उजवीकडचं बेरिंग.

एवढं सगळं कळायला फार तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि एकही नट सोडवावा लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षक त्यांची छोटी हॅचबॅक घेऊन आले. टायर नवे होते, बॅलन्सिंग ठिकठिकाणी करून झालं होतं, एका ठिकाणी दोन्ही लोअर आर्म बदलून दिले होते, आणि आता स्टेअरिंग रॅक बदलायला सांगितलं होतं. सर थकले होते. “पगारातून किती वेळा काढायचं?” एवढंच म्हणाले. गाडी चालवली, ८५ला स्टेअरिंग थरथरलं, पाय काढूनही तसंच, ब्रेकवर काही फरक नाही. सगळी लक्षणं बॅलन्सिंगची. चाक काढून बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं तर आतबाहेर दोन्हीकडे दोष शून्य.

इथे बरेच जण म्हणतात, चाक बरोबर आहे, मग खालचं काहीतरी गेलंय. पण मशीनवर चाक कसं बसतं ते बघायला हवं. ते शंकूवर बसतं, आणि शंकू रिमच्या मधल्या भोकात शिरून त्याचा मध्य पकडतो. गाडीवर शंकू नसतो. तिथे हबच्या मधोमध एक उंच कडा असते आणि रिमचं भोक त्या कडेवर घट्ट बसतं, निदान कंपनीच्या रिमचं. सरांच्या गाडीला बाहेरून घेतलेल्या अलॉय होत्या. हबची कडा ५४.१ मिलिमीटर, अलॉयचं भोक ६७.१. मधली सगळी जागा मोकळी. अशा रिमला मध्यावर आणण्याचं काम एकट्या नटांच्या तिरक्या माथ्यांवर येतं, आणि गाडीचा भार चाकावर असताना कुणी हवेच्या गनने पहिलाच नट पूर्ण आवळला, की रिम मध्यापासून केसभर सरकलेलीच राहते.

आम्ही चाक गाडीवर लावलं, डायल गेजची सुई टायरच्या मधल्या रांगेवर टेकवली आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. सुई एका फेऱ्यात दीड मिलिमीटरच्या आसपास वर-खाली झाली. मशीनवर शून्य आणि गाडीवर दीड! माझ्या हाताखालचा पोरगा सुईकडे बघतच राहिला. मग हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासला, कारण तिथला गंजाचा पापुद्राही चाकाला तिरकं बसवतो. मधल्या पोकळीत बसणाऱ्या रिंगा मागवल्या, नट आधी हाताने फिरवले, मग गाडी जॅकवर असतानाच समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले आणि शेवटी टॉर्क पान्याने पक्के केले. रिंगांना लागले काहीशे रुपये. रॅक होता तसाच राहिला. परत सावंगीला चढलो, ९० गेलं, १०० गेलं, सरांनी स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवली आणि काही बोलले नाहीत.

पार्ट बदलत बदलत दोष शोधायचा, ही आपल्या धंद्याला लागलेली कीड आहे. लोअर आर्मचे बुश झिजलेले असतील, तर ते थरथर वाढवतात, पण बहुधा ती निर्माण करत नाहीत. गेलेल्या शॉकअपने टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो. मग नुसता शॉकअप बदलून काय होणार, टायर आता गोल राहिलेलाच नाही. कारण आणि परिणाम दोन्ही समोर ठेवून गिऱ्हाइकाला सांगायला वेळ लागतो, बिल कमी होतं. तरी तेच करायला हवं.

कधी कधी तर पैसेच घ्यावे लागत नाहीत. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गेलेल्या गाड्यांच्या रिममध्ये आतून काळ्या मातीचा थर चिकटतो आणि वाळतो. पाण्याचा पाइप मारला की थरथर गायब.

एका थरथरीकडे मात्र जराही दुर्लक्ष करू नये. गाडी ३०-४०लाच डुलायला लागली, वेग कमी असतानाही सीट डावी-उजवी हलली, तर टायरच्या आतले पट्टे सुटलेले असण्याची दाट शक्यता असते. तळव्याने टायर चाचपला की उंचवटा हाताला लागतो. खड्ड्यात आदळल्यावर बाजूच्या भिंतीला टेंगूळ येतं, ते म्हणजे आतले धागे तुटलेले. असा टायर बॅलन्सिंगने दुरुस्त होत नाही, आणि उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर ११०च्या वेगाने तो फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर कडक होतो, हे ध्यानात ठेवा.

तुमच्या गाडीला थरथर असेल, तर गॅरेजला येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा: कितीला सुरू होते आणि कितीला थांबते, हाताला लागते की सीटला, आणि पाय काढल्यावर किंवा ब्रेक लावल्यावर काय होतं. मेकॅनिक हे न विचारता जॅक लावायला निघाला, तर त्याला आधी गाडी चालवून बघायला सांगा. आणि टायरला टेंगूळ दिसलं, तर महामार्गावर चढू नका. स्टेपनी लावा आणि आधी तो टायर बदला.