रिकामं आहे ना?

मागच्या दिवाळीत अण्णा मुलाकडे मुंबईला आले होते. मुलगा पोलीस शिपाई, एका पुढाऱ्याचा अंगरक्षक. पोलीस वसाहतीतली दोन खोल्यांची जागा. रात्री साडेदहाला तो घरी आला, कमरेचा पट्टा सोडला आणि नऊ एमएमचे पिस्तूल कपाटावर बॅगांच्या मागे सरकवले. चार वर्षांची नात टिकल्यांचे पिस्तूल घेऊन आजोबांच्या पोटावर 'ठो, ठो' करीत होती. अण्णांचे लक्ष कपाटाकडे होते.

"रिकामं आहे ना?"

"हो अण्णा, आत्ताच जिन्यात खाली केलं. मॅगझीन हे काय, माझ्या खिशात."

"दे बघू."

अण्णांनी नातीला सुनेकडे पाठवले. पिस्तुलाची नळी बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्याकडे, जमिनीच्या रोखाने धरली, बोट चापापासून लांब ठेवले आणि स्लाइड मागे ओढली. आतून एक पिवळेधमक काडतूस उडाले, टणकन फरशीवर आपटले आणि गरगरत पलंगाखाली गेले. सून करंज्यांचे ताट घेऊन दारातच उभी राहिली. मुलगा काही बोलला नाही. बोलण्यासारखे होतेच काय?

ज्यांनी कधी शस्त्र हाताळलेले नाही, त्यांना वाटते की मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले. तसे नसते. एक गोळी नळीच्या मागच्या कप्प्यात, चेंबरमध्ये, बसलेली असू शकते. म्हणून क्रम ठरलेला असतो. आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड ओढून चेंबर मोकळे करायचे, मग डोळ्यांनी पाहायचे आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचे. हा क्रम उलटा झाला की घात होतो. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधली दुसरी गोळी त्याच जागी नेऊन बसवते. नंतर मॅगझीन काढले तरी ती तिथेच राहते. मुलाने जिन्यात नेमके हेच केले होते. दोन्ही गोष्टी केल्या, पण क्रम चुकला. आणि खाली पडलेली पहिली गोळी त्याने उचलून इमानाने खिशात घातली होती! काही पिस्तुलांत मॅगझीन नसेल तर चाप चालत नाही, पण सगळ्यांत तशी सोय नसते.

अण्णांची नोकरी तीस वर्षांची. त्यातली शेवटची चौदा वर्षे ते राज्यातल्या एका पोलीस प्रशिक्षण केंद्रात गोळीबार शिकवीत होते. नवी मुले त्यांना 'उस्ताद' म्हणत. चांदमारीवर मुले यायची ती सिनेमा पाहून. पहिल्या दिवशी गोळी मिळेल अशी त्यांची समजूत. अण्णा पहिले कितीतरी दिवस रिकामी रायफल हातात देत. थ्री नॉट थ्री रायफल, तिच्या मॅगझीनमध्ये दहा गोळ्या मावतात, खांद्याला असा दणका देते की नवख्याचे खांदे काळेनिळे होतात. ती उघडा, पुसा, जोडा, बोल्ट मागे घ्या, शेजाऱ्याला दाखवा. कोणी रायफल हातात असताना हाक ऐकून मागे वळला, की अण्णा तिथल्या तिथे सगळ्यांना थांबवीत, कारण माणूस वळतो तेव्हा नळीही वळते. गोळीबार संपल्यावर पुंगळ्या मोजून परत घेत. एक कमी भरली तर सगळी तुकडी उन्हात वाकून गवत चाळायची. मुलांना तो छळ वाटे. अण्णांना ठाऊक होते की या मुलांना पुढे वर्षानुवर्षे शस्त्र वागवायचे आहे आणि सरावाला मात्र मोजक्याच गोळ्या मिळणार आहेत. नेम चुकला तर भोक पुठ्ठ्याला पडते, त्याचे त्यांना फारसे काही वाटत नसे. चापावर विसावलेल्या बोटाची मात्र त्यांना धास्ती वाटे.

वर्गातला एक तास कायद्याचा असे. तिथे मुले जांभया देत, आणि अण्णांचा आवाज तिथेच चढे. पळणाऱ्या चोरावर गोळी घालता येते का? अर्धा वर्ग हात वर करी. मग अण्णा सांगत की अटक टाळणाऱ्याला आवर घालण्यापुरते बळ वापरता येते, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटकेसाठी जीव घेण्याचा अधिकार कायदा कोणालाच देत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. जमाव पांगवायचा तर आधी पांगण्याचा हुकूम, मग जरूर तेवढेच बळ. "आणि हवेत गोळी झाडली तर कोणाला लागत नाही, असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करा," असे म्हणून ते थांबत. "वर गेलेली गोळी कुठं जाते? कुणाच्या तरी गच्चीवर, वाळवणं घालणाऱ्या बाईच्या अंगावर!"

महाराष्ट्रातल्याच पोलीस चकमकींच्या प्रकरणावर २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. चकमकीत माणूस दगावला तर काय काय करायचे याची सोळा कलमे त्यात आहेत, आणि पोलिसाने आपले शस्त्र तपासणीसाठी जमा करायचे, हे त्यातलेच एक. काही जुन्या सहकाऱ्यांना हा अविश्वास वाटला. अण्णांना तसे वाटले नाही. पुंगळी मोजून घेणाऱ्या माणसाला हिशेबाचा राग कसा येणार?

२६ नोव्हेंबर २००८ नंतर मात्र तेही अस्वस्थ झाले होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर जुन्या रायफली घेऊन उभे राहिलेले पोलीस आणि गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सगळ्या देशाने पाहिले. नवी शस्त्रे हवीत असे जो तो म्हणू लागला. अण्णाही म्हणत, पण पुढे हळूच जोडत, "शस्त्रासंगं सरावाला गोळ्याही द्या." हे दुसरे वाक्य कोणी फारसे ऐकून घेत नसे.

आणि त्यांच्याच मुलाच्या हातून क्रम चुकला. त्या रात्री ते त्याच्यावर रागावले नाहीत. सकाळपासून ड्युटीवर उभा राहिलेला, पोटात अन्न नाही, जिन्यातला दिवा गेलेला. पलंगाखालचे काडतूस काढून ते म्हणाले, "ड्युटीवरून आलास की थेट घरी यायचं नाही. आधी शस्त्र जमा करायचं. अगदीच घरी आणावं लागलं तर आधी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आधी हे."

"खरंच, अण्णा," मुलगा म्हणाला. सुनेने करंज्या खाली ठेवल्या आणि नातीला जवळ घेतले. ती केव्हाच झोपली होती, टिकल्यांचे पिस्तूल मुठीत.

भाऊबीज झाल्यावर लोखंडी पेटी आणि कुलूप आले. पेटी भिंतीला बोल्टने ठोकली, किल्ली मुलाच्या गळ्यात. अण्णा गावी परतले. त्यानंतर महिनाभर रोज रात्री फोन येई, "अण्णा, मॅगझीन आधी." अण्णा "बरं" म्हणत आणि ठेवून देत.

आता फोन येत नाही. अण्णांनीही विचारलेले नाही. मुंबईला आले की हातपाय धुवायच्या आधी ते कपाटावरच्या बॅगा खाली काढतात आणि मागे हात घालून बघतात. सून चहा टाकत असते, ती काही बोलत नाही.