देठ परीक्षण दरवर्षी, बीपी मात्र कधीच नाही



आजची नोंद बागेची नाही, बागायतदाराची आहे.

काल सकाळी शेजारच्या भाऊंना मी जवळजवळ ओढूनच दवाखान्यात नेलं. छातीत जळजळतंय, पित्त झालंय, असं म्हणत होते, पण अंगाला दरदरून घाम सुटलेला. दवाखान्यात दोनदा ईसीजी काढला, ट्रोपोनिनची रक्ततपासणी केली. सगळं ठीक निघालं, पित्तच होतं. येताना भाऊ म्हणाले, "तात्या, तुमच्यापायी अर्ध्या दिवसाची फवारणी गेली ना!" संध्याकाळी पारावर माझी चेष्टाही झाली. होऊ दे. मी असं का केलं ते आज लिहून टाकतो. दोन वर्षं ही गोष्ट पेजवर लिहायची टाळत होतो.

दोन वर्षांपूर्वी गोडी छाटणीला पंचवीस दिवस झालेले. रात्री पाऊस पडून गेलेला, पहाटे पानं ओली. डावणीला याहून चांगलं आणि आपल्याला याहून वाईट हवामान नाही. निफाडकडच्या माणसाला हे सांगायला नको. साडेपाचलाच ब्लोअर जोडला. सातच्या सुमारास छाती जड झाली. दुखत नव्हती बरं का, जड झाली होती. कुणीतरी खताचं पोतं छातीवर ठेवल्यासारखी. मग डावा हात भरून आला, जबडा दुखायला लागला, घाम सुटला. बांधावर बसलो आणि काय केलं? तंबाखू मळली. वाटलं, गॅस आहे, जरा तलफ भागली की बरं वाटेल.

सौ.नी ओवा-जिऱ्याचं पाणी दिलं, दवाखान्यात चला म्हणून मागे लागल्या. मी म्हटलं, दोन टाक्या राहिल्यात, तेवढ्या मारतो. त्या मारल्यासुद्धा. अकराला उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये बसलो. दवाखान्यात ईसीजी निघाला साडेबाराला. म्हणजे साडेपाच तास मी फुकट घालवले.

तिथं ॲस्पिरिन चावायला दिली, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि नाशिकला पाठवलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. जीव वाचला. पण हृदयाचा जो भाग तितके तास रक्तावाचून राहिला, तो मेला. मेलेला स्नायू परत फुटत नाही, त्याला खरड छाटणी नाही. हृदयाचं पंपिंग, ज्याला डॉक्टर ईएफ म्हणतात, ते साधारण पंचावन्नच्या वर असावं लागतं. माझं ४० वर आलं. आज जिना चढलो की थांबावं लागतं. क्रेट उचलायचं बंद. तीन एकर बाग होती, त्यातली एक एकर मागच्या वर्षी काढून टाकली. झेपतच नव्हती. डावणीपासून वाचवलेली बाग शेवटी अशी गेली.

आता 'नळी ब्लॉक होणं' म्हणजे काय ते सांगतो, कारण माझाही यात गैरसमज होता. मला वाटायचं, ठिबकच्या लॅटरलमध्ये क्षार साचतात तसंच हे असणार. आम्ल सोडलं की मोकळं. मोबाईलवर लिंबू-लसूण-आल्याचा काढा फिरत असतो तो याच समजावर. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. चरबी नळीच्या पोकळीत नाही, नळीच्या भिंतीत साचत जाते, वर्षानुवर्षं. त्यावर पातळ आवरण असतं. एक दिवस ते आवरण फाटतं आणि तिथं मिनिटांत रक्ताची गुठळी होते. म्हणजे नळी थोडीच अरुंद असली तरी झटका येऊ शकतो, आणि आदल्या दिवसापर्यंत माणूस ठणठणीत वाटू शकतो. डावणीचंच बघा ना, पानावर तेलकट डाग दिसतो तोवर लागण होऊन दिवस गेलेले असतात. म्हणून आपण डाग दिसायच्या आधी फवारतो.

मग आधी बघायचं काय? केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या पुढाकाराने ५२ देशांत एक मोठा अभ्यास झाला, 'इंटरहार्ट' नावाचा. २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींतून समजतो असं त्यात निघालं. धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, शुगर, सुटलेलं पोट, मनाचा ताण, फळं-भाज्या, व्यायाम आणि दारू. चघळायच्या तंबाखूनेही धोका दुपटीच्या वर जातो, हे त्याच अभ्यासातून २००६ साली पुढे आलं. मी सिगारेट ओढत नाही म्हणून निर्धास्त होतो. बावीस वर्षं तंबाखू मात्र गालात होती.

माझा हिशेब असा. दवाखान्यात बीपी १६०/१००, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा ७.४. साडेसहाच्या पुढे गेला की मधुमेह. दोन्ही मला त्याच दिवशी कळलं. कंबर १०२ सेंटिमीटर, आपल्याकडच्या पुरुषाला ९० च्या आत सांगतात. सोसायटीचं कर्ज, पडलेला भाव, रात्रीची लाईट आणि अर्धवट झोप वेगळीच. शेतकऱ्याला कष्टाने काही होत नाही म्हणतात, पण माझे कष्ट कुठले? शेतात जायला मोटारसायकल, फवारणीला ट्रॅक्टर, पाण्याला ठिबक. कष्ट आजोबांचे होते, खाणं तेवढं मी त्यांच्यासारखं ठेवलं होतं. वर आमचे वडील बावन्नाव्या वर्षी विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि तिथंच कोसळले. लोक म्हणाले, वारा लागला. बापाला किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर आपला धोका वाढतो, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, आयसीयूत कळलं.

घरी आल्यावर कपाटातली फाईल काढली. चौदा वर्षांचे देठ परीक्षणाचे रिपोर्ट, माती-पाण्याचे वेगळे. नत्र किती, पालाश किती, सगळं तोंडपाठ. माझ्या रक्ताचा एकही कागद त्यात नव्हता.

आता कामाचं तेवढं लिहितो.

तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा बीपी, शुगर आणि चरबी तपासा. बीपी-शुगर आरोग्य केंद्रातही होते. १४०/९० च्या वर बीपी वारंवार येत असेल तर डॉक्टरांना भेटा. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं नसतं. स्टेंट बसलाय त्यांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून मनाने सोडू नयेत, स्टेंटमध्येच गुठळी होते. तंबाखू सोडताना मला तीन महिने जड गेले, दोनदा परत लागली. तिसऱ्यांदा सुटली.

आणि छाती जड, घाम, हात किंवा जबडा दुखणं, दम लागणं, यातलं काही झालं तर टाकी तशीच सोडा, १०८ ला फोन करा. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम आणि घाम. मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका. एक ईसीजी चांगला आला म्हणून लगेच उठून येऊ नका, डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

भाऊंचा अर्धा दिवस गेला. डावणी त्यांनी आज सकाळी फवारली, बाग छान आहे. माझ्या त्या दोन टाक्यांचा हिशेब मी अजून फेडतोय.

पुढची नोंद बागेची. तोवर तुमचा बीपीचा शेवटचा आकडा आणि तो कधी मोजला होता, तेवढं खाली लिहा. आठवत नसेल तर तसंच लिहा.